ओटीची तपासणी

कल्पना करा, तुम्ही एका हिरव्या पडद्याआड उभे आहात. जागा एवढीशी, की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. तुमच्या अंगावर खाकी साडी आहे आणि हातात भातवाढीसारखं दिसणारं एक यंत्र. पडदा सरकवून एक अनोळखी बाई आत येते. तिला हात आडवे पसरायला सांगायचं. खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंत हात फिरवायचा, अंबाडा चाचपायचा, कमरेला काय खोचलंय ते विचारायचं. तिने तुमचं काही बिघडवलेलं नाही. तरी तिच्याकडे पाहायचं संशयाने आणि बोलायचं गोड. तुमच्या हातून काही सुटलं, तर वर आकाशात विमान पळवलं जाईल. आणि नसलेलं काही दिसलं, तर विमान जमिनीवरच अडकून पडेल, आणि सगळे तुमच्याकडे बोट दाखवतील. करून पाहा बरं.

दुसरबीडच्या शालूबाईंनी हे काम केलं, आणि ते करायला मिळावं म्हणून त्या भांडल्याही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. विमानं पळवण्याच्या बातम्या रेडिओवर यायच्या, आणि त्या बातम्यांमुळे लहान लहान विमानतळांवरही झडती सुरू झाली होती. पुरुषांची झडती घ्यायला शिपाई पुष्कळ होते. बायकांची घ्यायला बाईच पाहिजे, आणि पोलिसात बायका मोजक्याच. म्हणून आसपासच्या जिल्ह्यांतून त्या मागवल्या गेल्या. बुलडाण्याहून शालूबाईंना पाठवलं.

शालूबाई पोलिसात आल्या त्या नवऱ्याच्या जागेवर. नवरा शिपाई होता. बंदोबस्ताहून परतताना गाडी उलटली आणि तो गेला. शालूबाई तेव्हा तिशीच्या अलीकडे. सासूबाई, तानुबाई, वाईट नव्हत्या. सुनेला दोन घास जास्तच वाढायच्या. पण आळीत कुणाकडे हळदीकुंकू असलं, कुणाची मुलगी सासरी निघाली, की दारातून हळूच म्हणायच्या, "शालू, तू आतच राह्य वं." त्यात राग नसायचा. पावसाचं चिन्ह दिसलं की वाळवण आत घ्यावं, तशी ती सवय होती. शालूबाई आत जायच्या. खात्याने नोकरी देऊ केली तेव्हा दिरांनी नाही म्हटलं, सासऱ्यांनी नाही म्हटलं. शालूबाई एवढंच म्हणाल्या, "जिथं रोज आत बसा लागते, तिथं मी म्हातारी नाई होणार." आणि बुलडाण्याच्या गाडीत बसल्या.

नोकरी अजून कायम झालेली नव्हती. साहेबांचा शेरा चांगला गेला तर कायम, नाही तर पुन्हा दुसरबीड, पुन्हा आतली खोली. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

विमानतळावर फौजदार होते वैजनाथ साहेब. पुण्याकडचे, माणूस सरळ, पण दचकणारा. त्यांनी पहिल्याच दिवशी शालूबाईंच्या हातात यंत्र दिलं आणि सांगितलं, "हे वाजलं की समजायचं, काहीतरी आहे. मग मला हाक मारायची. मी शिट्टी वाजवीन. शिट्टी वाजली की सगळं थांबेल."

आता त्या यंत्राची गंमत अशी. त्यात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळते आणि यंत्राभोवती एक न दिसणारं वलय तयार होतं. धातू जवळ आला की ते वलय विस्कटतं आणि यंत्र कुंई करतं. पण धातू कोणता, कुणी दिला, कशासाठी घातला, हे त्याला कळत नाही. सुरा आणि जोडवी त्याच्या दृष्टीने एकच.

पहिल्या दिवशी ते सारखंच वाजलं. जोडव्यांना वाजलं, मासोळ्यांना वाजलं, डोरल्याला वाजलं, कमरेच्या साखळीला वाजलं. एक शिक्षिका आल्या, त्यांच्या पातळाला खांद्यापासून निऱ्यांपर्यंत इतक्या सेफ्टी पिना, की यंत्र वाजायचं थांबेचना. वैजनाथ साहेब पडद्याबाहेरून विचारत, "काय आहे?" शालूबाई आतून सांगत, "जोडवी हायत, साहेब." पुन्हा कुंई. "आता काय आहे?" "दुसऱ्या पायाची हायत, साहेब."

एक म्हातारी आली. तिच्या कनवटीच्या चंचीत सुपारी आणि चांगला धारेचा अडकित्ता.

"आजी, हे नेता येत नाई विमानात."

"काऊन?"

"हत्यार हाय हे."

"हत्यार?" म्हातारीने अडकित्ता उचलून कटकट वाजवून दाखवला. "याच्यानं मी विमान कापते का काय वं? सुपारी फुटत नाई त्याच्यानं नीट."

अडकित्ता वैमानिकाकडे गेला, उतरताना परत मिळेल या बोलीवर. म्हातारी जाताना सांगून गेली, "त्याले म्हणावं, वापरजो नको. धार जाते."

इथपर्यंत सगळे हसत होते. नंतरचे दोन प्रसंग मात्र शालूबाईंच्या अंगाशी आले.

पहिला प्रसंग घड्याळाचा. खामगावची एक बाई मुलाकडे निघालेली. तिच्या पिशवीत गोधडी, आणि गोधडीतून टिकटिक ऐकू येत होती. शालूबाईंनी नियमाप्रमाणे हाक मारली, "साहेब, आत काहीतरी टिकटिक करून राह्यलं." वैजनाथ साहेबांनी विचारलं नाही, पाहिलं नाही, शिट्टीच वाजवली. विमानात बसलेली माणसं खाली उतरवली. पिशवी लांब काठीने उचलून मोकळ्या मैदानात नेली, तिच्याभोवती वाळूच्या बादल्या रचल्या आणि सगळे दूर जाऊन पालथे पडले. बराच वेळ शांतता. मग मैदानातून गजर झाला. असा खणखणीत, की वैजनाथ साहेब सदाफुलीच्या वाफ्यात आडवे झाले. पिशवीची मालकीण तेवढी उभी होती. ती म्हणाली, "बाप्पा! चावी देऊन ठेवली होती मी. पोराले सकाळी उठवत नाई कोणी, म्हणून घड्याळ नेऊन राह्यली."

दुसरा प्रसंग काळ्या मसाल्याचा. डबा घट्ट बंद, आत बारीक काळी पूड. शालूबाईंना वासावरून ओळखू आलं होतं. पण नियम म्हणतो, पूड दिसली की दाखवा. त्यांनी डबा पडद्याबाहेर दिला आणि म्हणाल्या, "मसाला वाटते, साहेब." साहेबांना काळी पूड म्हटल्यावर बंदुकीची दारूच आठवली. खात्री करायला त्यांनी झाकण काढून नाक डब्यात घातलं आणि जोरात श्वास घेतला. पुढचा अर्धा तास साहेब बोलू शकले नाहीत. शिट्टी मात्र त्याआधी वाजून गेली होती. विमान पुन्हा उशिरा निघालं.

त्या संध्याकाळी डोळे लालबुंद असलेल्या वैजनाथ साहेबांनी शालूबाईंना समोर उभं केलं.

"बाई, लोक हसतायत आपल्याला. वरून विचारणा झाली. आणखी एकदा असं झालं, तर मला कळवावं लागेल की तुम्ही या कामाच्या नाही. तुमची नोकरी अजून कच्ची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय, साहेब. पण शिट्टी तुम्ही वाजवली."

"हाक तुम्ही मारलीत."

शालूबाई खोलीवर गेल्या. भाकरी थापता थापता त्यांनी विचार केला आणि स्वतःपुरते दोन नियम केले. एक, पडद्याआडून कुणीही हात न लावता जाणार नाही. मंत्र्याची बायको असो की माळीण. दोन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. आधी हात, मग डोळे, मग तोंड. शिट्टीची वेळच येऊ द्यायची नाही.

हे नियम लवकरच कसाला लागले.

लग्नसराईचे दिवस होते. संग्रामपूरकडचे पंजाबराव, मोठे बागायतदार, मुलाचं लग्न लावून थेट विमानतळावर आले. मुलगा दिल्लीत इंजिनियर. रजा संपलेली, दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं, म्हणून मांडवातून उठून सगळे मोटारीने निघाले ते विमानतळावरच उतरले. नवरदेव, नवरी, पंजाबराव आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई. गृहप्रवेश दिल्लीच्या घरीच व्हायचा होता. नवरा-नवरीच्या अंगावरची हळद उतरलेली नव्हती. मुंडावळ्या तेवढ्या काढून खिशात ठेवल्या होत्या.

आधी पुरुषांच्या बाजूला गलका झाला. नवरदेवाच्या कमरेच्या शेल्यातून कट्यार निघाली. खरी, पाजळलेली, आणि टोकाला लिंबू टोचलेलं.

वैजनाथ साहेब दोन पावलं मागे सरले. "हे काय आहे?"

"कट्यार," नवरदेव म्हणाला. इंजिनियर माणूस, पण आवाज लग्नातल्या नवरदेवाचाच.

"विमानात कट्यार घेऊन चाललात?"

पंजाबराव मधे पडले. "अहो, हळद लागल्यापासून घरचा उंबरा ओलांडेपर्यंत नवरदेवानं कट्यार सोडायची नसते. आमच्याकडची रीत हाय. टोकाले लिंबू हाय न! कोणाले लागू नये म्हणूनच लावलं."

"लिंबू काढता येतं!"

"काढायचं नाई न पण ते!"

बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी वैमानिकच बाहेर आला. त्याने कट्यार आपल्याजवळ ठेवायचं कबूल केलं आणि विचारलं, "लिंबासकट, की लिंबाशिवाय?" पंजाबराव म्हणाले, "लिंबासकट. अन् टोक खाली करू नका." कट्यार लिंबासकट वैमानिकाच्या खोलीत गेली. लोक हसले. वैजनाथ साहेब हसले नाहीत. त्यांनी रुमालाने मान पुसली, शिट्टी तोंडाजवळ आणून ठेवली आणि बायकांच्या पडद्याकडे पाहिलं.

पडद्याआड मनकर्णाबाई आधी आल्या. जोडवी, मासोळ्या, गोठ, डोरलं. यंत्र जिथे वाजायला हवं तिथे वाजलं. शालूबाईंनी हात फिरवला, "झालं, बाई" म्हटलं. मनकर्णाबाई बाहेर गेल्या नाहीत. पडद्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "सूनबाई नवी हाय. मी इथंच थांबते."

नवरी आत आली. प्रतिमा तिचं नाव. लग्नाच्या साडीच्या पदराची मोठी गाठ कमरेला खोचलेली, पुढे फुगलेली. शालूबाईंचा हात तिथे आला आणि थांबला. आत वाटोळं, टणक, जड काहीतरी. यंत्र जवळ नेलं.

कुंई.

"काय हाय यात, बाई?"

"ओटी," प्रतिमा म्हणाली.

ओटी शालूबाईंना काय नवीन? माहेरच्या बायकांनी उंबऱ्यात उभं करून भरलेली ओटी. गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, खण आणि नारळ. ती पदरात घट्ट बांधायची आणि सासरच्या देवापुढे जाऊन सोडायची. मधे कुणी सोडायची नाही. नारळ तिथेच फोडून त्याचं गोड करायचं आणि घरातल्यांनी खायचं. सगळं ठाऊक होतं. पण नारळाला यंत्र वाजत नाही, हेही ठाऊक होतं.

"सोडा लागन," शालूबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाई पडद्यातून आत आल्या. आता तिथे तीन बायका होत्या आणि श्वास घ्यायला जागा नव्हती.

"काय सोडा लागन? ओटी? दिसत नाई का तुले? ओटीले मधे हात लावते का कोणी?"

"यंत्र वाजलं, बाई. पाह्यलं पाह्यजे."

"यंत्राले काय कळते? तुले तरी कळते न! बाईमाणूस हायस." आणि मग मनकर्णाबाईंनी पहिल्यांदा शालूबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोपी होती, बिल्ला होता. कपाळ मोकळं होतं. गळा मोकळा होता. मनकर्णाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "माय वं. तू त..."

"हाव," शालूबाई म्हणाल्या.

प्रतिमा खाली पाहत होती. बाहेरून वैजनाथ साहेबांची हाक आली, "बाई! काय आहे आत? एवढा वेळ का?"

शालूबाईंच्या पुढे सगळं स्पष्ट होतं. आतून "यंत्र वाजलं" एवढं म्हटलं, तर शिट्टी होणार. आत नुसता नारळ निघाला, तर नोकरी गेली. "काही नाई, ओटी हाय" म्हटलं, तर सगळे सुटणार. मनकर्णाबाई खूश, साहेब खूश, विमान वेळेवर. आणि शालूबाईंना कुणाच्या ओटीला हात लावावा लागणार नाही. दुसरबीडला त्यांना जे सतत सांगितलं गेलं, तेच इथे सरकारी साडीत उभं राहून त्यांनी स्वतःला सांगायचं, एवढंच. आत राह्य.

"तपासणी चालू हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी तोड सुचवली. आवाजात आता आर्जव होतं. "हे पाह्य बाई, तुह्यावर माहा काही राग नाई. देवानं जे केलं ते केलं. पण पोरीचा नवा संसार हाय. बाहेर लाईनीत एक मास्तरीण उभी हाय, सवाष्ण हाय. तिले बोलव. ती सोडन, ती दाखवन. तू दुरून पाह्य. झालं तुह्यं काम."

वैजनाथ साहेबांनी बाहेरून ऐकलं असावं. "चालेल, बाई! कुणीही उघडलं तरी चालेल. पण उरका!"

"नाई चालणार," शालूबाई म्हणाल्या.

"साहेब हो म्हणून राह्यले न!"

"साहेब बाहेर हायत. आत मी हाव. दुसऱ्या बाईनं सोडली अन् वस्तू तिच्या मुठीत राह्यली, त मी काय पाह्यलं? ज्याची जबाबदारी, हात त्याचाच लागते. माह्या हातानं तपासलं, त तपासलं. नाई त नाई."

"अन् नाई सोडली त?"

"त विमान जाईन. तुम्ही राह्यसान."

बाहेर पंजाबरावांचा आवाज चढला. "काऊन लागून राह्यला बे येवढा उशीर? मी कोण हाय हे माहीत नाई वाटते यांले!" विमानाचा एक पंखा फिरायला लागला होता. मनकर्णाबाई पुटपुटल्या, "मालकांले सांगते. तुह्यी नोकरी राह्यते का पाहतेच." शालूबाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केले नाहीत. त्या प्रतिमाशी बोलल्या.

"बाई, ओटी तुह्यी हाय. सोडायची तू. मी गाठीले हात नाई लावत. पण आतली एकेक वस्तू माह्या हातातून जाईन. त्यात सूट नाई."

प्रतिमाने सासूकडे पाहिलं नाही. तिने गाठ सोडली. पहिल्यांदा सुटली नाही, दातांनी ओढून सोडली. पदर टेबलावर पसरला.

शालूबाईंनी आधी नारळ उचलला. कानाशी हलवला. आत पाणी खळखळलं. यंत्र फिरवलं, यंत्र गप्प. खण झटकला, गप्प. हळकुंड, सुपाऱ्या, खारका, गप्प. मग गव्हाच्या ढिगावर यंत्र नेलं.

कुंई.

शालूबाईंनी गव्हात बोटं घातली, निवडायला बसावं तसे दाणे बाजूला सारले, आणि चिमटीत धरून वर काढला एक खिळा. चांगला बोटभर लांब, जाड डोक्याचा, काळाकुट्ट. घोड्याच्या नालाचा.

"हा कोणं टाकला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

प्रतिमाच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं, आणि तिने ते लगेच गिळलं. "आजीनं टाकला असन. दृष्ट लागू नये म्हणून. आजी सगळ्याइले देते."

"दृष्ट?" मनकर्णाबाईंना आता शालूबाईंचा विसरच पडला. "आमच्या घरी काय दृष्ट लावणारे बसले हायत का? आं? खिळा! पोरीच्या ओटीत खिळा! वा रे वा, तुह्यी आजी!"

शालूबाईंनी पडदा थोडा सरकवून हात बाहेर काढला. तळहातावर खिळा.

"तपासणी झाली, साहेब. येवढा एक खिळा हाय. कट्यारीसंग ठेवजा. बाकी सगळं पाह्यलं."

वैजनाथ साहेबांनी खिळ्याकडे पाहिलं. शिट्टी तोंडात होती. पण हातभर लांबून पाहिल्यावरही तो खिळाच होता. त्यांनी शिट्टी खिशात टाकली. खिळा वैमानिकाकडे गेला. वैमानिकाने विचारलं, "याला लिंबू नाही का?"

आत ओटी पुन्हा बांधायची होती. शालूबाई मागे सरून उभ्या राहिल्या. प्रतिमाने पदर धरला. मनकर्णाबाईंनी ओंजळीने गहू घातले, हळकुंड घातलं, सुपाऱ्या, खारका, खण. देवापुढे फोडायचा नारळ मात्र टेबलावर राहिला. त्यांचा हात त्याच्यापर्यंत गेला आणि परत आला. त्यांनी गाठ मारून दिली.

"चाल, सूनबाई."

"नारळ राह्यला," शालूबाई म्हणाल्या.

"राहू दे."

"राहू देता येत नाई. तपासलेलं सामान ज्याचं त्यानं न्यायचं. इथं बेवारशी वस्तू ठेवायची नाई, असा नियम हाय."

"कोणाले देऊन टाक."

"मी कोणाले काय देऊ? माहा थोडाच हाय."

प्रतिमा एवढंच म्हणाली, "आत्याबाई, विमान."

मनकर्णाबाईंनी नारळ शेंडीला धरून उचलला. ओटीत घातला नाही. कापडी पिशवीत टाकला, आणि दोघी बाहेर पडल्या. पंजाबराव साहेबांना दोन-चार गोष्टी ऐकवत होते, पण शिडी काढायची वेळ झाली होती, म्हणून उरलेल्या त्यांनी विमानाकडे जाता जाता ऐकवल्या.

विमान गेल्यावर वैजनाथ साहेबांनी शालूबाईंना बोलावलं. पंजाबराव ओळखी सांगून गेले होते, त्यामुळे साहेबांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या बाईने उघडलं तरी चालेल? का ऐकलं नाहीत?"

"साहेब, तुम्ही ते विमान उशिरा सुटू नये म्हणून म्हटलं. त्या बाईनं ते मी सवाष्ण नाई म्हणून म्हटलं. दोन्हीतलं कोणतंच कारण तपासणीचं नव्हतं."

वैजनाथ साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "खिळा सापडला म्हणून बरं. नसता सापडला तर?"

"नसता सापडला, तरी मी ओटी सोडायले लावलीच असती. यंत्र वाजलं होतं. अन् शिट्टी वाजली नसती. मी हाक मारलीच नाई न तुम्हाले."

साहेबांच्या हे लक्षात आलं नव्हतं. खरंच, त्या दिवशी एवढं सगळं होऊनही शिट्टी वाजली नव्हती. ते म्हणाले, "जा. उद्यापासून असंच करा. आधी पाहा, मग मला सांगा." पंजाबरावांची तक्रार वरपर्यंत गेली म्हणतात. पण शेरा वैजनाथ साहेबांनी द्यायचा होता, आणि त्यांनी चांगला दिला. शालूबाई कायम झाल्या. त्या अजून तिथेच, त्याच पडद्याआड आहेत. पडदा तेवढा बदलला, आता निळा आहे.

सुटीत त्या दुसरबीडला येतात. अंगणात आळीतल्या बायका जमतात. तानुबाई दारात बसलेल्या असतात. "शालू, ते घड्याळाचं सांग न वं," कुणीतरी म्हणतं. शालूबाई सांगतात. साहेब सदाफुलीत आडवे झाले, तिथे पोरंसुद्धा लोळतात. मसाल्याचं सांगतात, लिंबाचं सांगतात. मग ओटीचं. तिथे हसणं हळूहळू थांबतं. तानुबाई सुपारी कातरत राहतात आणि वर पाहत नाहीत. परवा मात्र आळीत एका मुलीची पाठवणी होती, तेव्हा त्या "आत राह्य" म्हणाल्या नाहीत. "ये" असंही म्हणाल्या नाहीत. शालूबाई उठून बायकांमागे उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, ड्यूटीवर उभ्या असल्यासारख्या. मुलगी निघेपर्यंत तिथेच राहिल्या.

गोष्ट संपली की शालूबाईंना एकच विचारायचं असतं. दिल्लीहून येणाऱ्या विमानातून उतरणाऱ्या बायकांमध्ये त्या प्रतिमाला शोधतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येईलच, असा त्यांचा हिशेब आहे. अजून दिसली नाही. आळीतल्या बायका त्यांचं मन राखायला म्हणतात, "नारळ फोडला असन न वं, काऊन नाई फोडणार?" शालूबाईंना असं उत्तर नको आहे. माझ्या हातून तपासलेली वस्तू पुढे कुठे गेली, हे मला कळलं पाहिजे, म्हणतात.

"नोकरी राह्यली, सगळं झालं," परवा अंगणातच त्या मला म्हणाल्या. "मले फक्त येवढंच सांगावं कोणी. त्या घरी तो नारळ देवापुढं फोडला का, अन् गोड करून पोरीनं खाल्लं का? का नाई?"